उंबऱ्यावरचं स्वातंत्र्य

ज्येष्ठ सरला की त्र्यंबकेश्वरहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी नगर जिल्हा ओलांडून आमच्या करमाळा तालुक्यात शिरते. रावगावात, पुढे जेऊरला रस्त्याच्या कडेला बाया दुरड्या घेऊन उभ्या असतात. दुरडीत धुडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, शेजारी पिठल्याचं पातेलं आणि वाटीत ठेचा. समोर येईल तो 'माउली'. "घ्या माउली, अजून चतकोर घ्या," एवढाच आग्रह. कुठल्या दिंडीचे, कुठल्या गावचे, हे पंगतीत विचारलं जातं. जात विचारली जात नाही.

पण हीच वाट पंढरपूरला जिथे संपते, तिथे १९४७ पर्यंत जात विचारली जायची. वाटेवर माउली असलेला माणूस महाद्वारापाशी आला की महार, मांग, चांभार व्हायचा आणि बाहेरच थांबायचा.

अमेरिकेच्या बातम्यांत 'धार्मिक स्वातंत्र्य' हा शब्द अलीकडे सतत येतो. केक बनवायला नकार देणारा बेकरीवाला तो उच्चारतो आणि ज्याला केक नाकारला त्याच्या बाजूचे लोकही तोच उच्चारतात. शाळेच्या मैदानावर प्रार्थना करणारा प्रशिक्षक तो घेतो, आणि मुलांवर कुणाचीच प्रार्थना लादू नका म्हणणारे पालकही घेतात. हा घोळ शब्दातच आहे आणि तो समजून घ्यायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या एका देवळाच्या दारात तो अगदी उघडा पडलेला आहे.

पंढरपूर, मे १९४७

१९४७ च्या आरंभापासून साने गुरुजी महाराष्ट्रभर हिंडत होते. गावोगावच्या सभांत एकच मागणी: पाणवठे खुले करा, देवळं खुली करा आणि पंढरपूरचा विठोबा सगळ्यांना भेटू द्या. सेनापती बापट त्यांच्याबरोबर होते. १ मे रोजी गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. गांधीजींना हे उपोषण पसंत नव्हतं. काँग्रेसचे नेते दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, देवळाचे वंशपरंपरागत पुजारी असलेल्या बडव्यांशी बोलणी झाली, त्यांनी मान्यता दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटलं.

बडवे आणि त्यांच्या मागे उभे असलेले सनातनी काय म्हणत होते, हे नीट ऐकायला हवं. आम्ही कुणाचा द्वेष करत नाही, आम्ही धर्म पाळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. देवाची पूजा कशी व्हावी, गाभाऱ्यात कुणी यावं हे परंपरेनं ठरलेलं आहे. त्यात सरकारने किंवा सुधारकांनी हात घातला तर ती आमच्या धर्मावर जबरदस्ती आहे. म्हणजे तेही धर्मस्वातंत्र्यच मागत होते. हरिजनांचा प्रवेश व्हायच्या आधी विठ्ठलाचं तेज मंत्राने घागरीत काढून घेतलं, ही हकीकत पंढरपुरात अजून सांगतात. ज्यांनी ती घागर भरली त्यांची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणणार नाही. ती खरीच होती, म्हणून तर प्रश्न अवघड होता.

पंढरपूरचं एक वैशिष्ट्य इथे लक्षात घ्यावं लागतं. मोठ्या देवळांत भक्त सहसा लांबून हात जोडतो. विठोबाच्या मात्र थेट पायांवर डोकं टेकवता येतं. कपाळाला दगडाचा गारवा लागतो, बुक्क्याचा वास नाकात जातो, मागून कुणीतरी खांद्याला धरून पुढे सरकवतो. तो क्षण दोन सेकंदांचा, पण त्याच्यासाठी माणसं पंधरा-वीस दिवस चालतात. महार जातीतल्या संत चोखोबाला तो मिळाला नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले, १३३८ साली. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, दाराच्या बाहेर आहे. सहाशे वर्षं त्यांच्या जातीची माणसं त्या समाधीपर्यंत येत आणि तिथूनच परत फिरत.

तेव्हा एकाच दारात दोन स्वातंत्र्यं समोरासमोर आली. आपला आचार आपल्या रीतीने चालवण्याचं संस्थेचं आणि देवापर्यंत जाण्याचं माणसाचं. कुणीही 'धर्मस्वातंत्र्य' म्हटलं की मी आधी विचारतो, यांतलं कुठलं? माझा स्वतःचा कौल दाराबाहेरच्या माणसाकडे आहे आणि तो मी लपवत नाही.

अमेरिकेची हमी

अमेरिकेच्या संविधानाची पहिली दुरुस्ती १७९१ ची. तिच्यातला धर्माविषयीचा भाग मूळ इंग्रजीत अवघ्या सोळा शब्दांचा आहे आणि त्यात दोन गोष्टी आहेत. संसदेनं कुठलाही धर्म राज्याचा म्हणून स्थापायचा नाही आणि धर्माच्या मुक्त आचरणाला बंदी करायची नाही. त्याआधी १७८६ साली व्हर्जिनियात थॉमस जेफरसनच्या मसुद्यावरून असाच कायदा झाला होता. चर्चला पैसे देण्याची सक्ती नको, कुठल्या पंथाचा म्हणून नागरिकाचे हक्क कमी-जास्त नकोत, हा त्याचा गाभा.

या दोन कलमांत ओढाताण आहे. सरकारी शाळेतला शिक्षक मैदानावर गुडघे टेकून प्रार्थना करू लागला, तर ते त्याचं मुक्त आचरण की सरकारने धर्माची बाजू घेणं? दोन्ही म्हणता येतं. २०२२ साली वॉशिंग्टन राज्यातल्या एका फुटबॉल प्रशिक्षकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा त्याच्या बाजूने निकाल दिला. पन्नास वर्षांपूर्वी तो तसा लागला असता असं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे हे सोळा शब्द बिनशर्त आहेत. सुव्यवस्था, नीती, आरोग्य यांची मर्यादा त्यांत लिहिलेली नाही. ती पुढे न्यायाधीशांना घालावी लागली. पहिला मोठा प्रसंग बहुपत्नीकत्वाचा. यूटाहमधले मॉर्मन पंथाचे लोक म्हणाले, एकाहून अधिक बायका करणं आमच्या धर्मात आहे. १८७९ साली न्यायालय म्हणालं, तुम्ही काय मानता यात सरकार पडणार नाही. तुम्ही काय करता यात मात्र पडेल.

आपल्याकडे याच प्रश्नाचं मुंबई राज्यात काय झालं ते पाहण्याजोगं आहे. १९४६ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हिंदूंना दुसरं लग्न करायला बंदी झाली. नरसू आप्पा माळी खटल्यात १९५१ साली या कायद्याला आव्हान दिलं गेलं. पुत्रप्राप्तीसाठी दुसरी बायको करणं धर्माला धरून आहे, हाही युक्तिवाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी तो मानला नाही. श्रद्धा वेगळी, आचार वेगळा, असंच त्यांनीही सांगितलं.

रमाबाईंनी पाहिलेली अमेरिका

मराठी वाचकाला अमेरिकेतल्या धर्मव्यवहाराची ओळख करून देणाऱ्यांत पंडिता रमाबाईंचं नाव फार वरचं. १८८६ ते १८८८ त्या तिथे होत्या. परत आल्यावर १८८९ साली 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत छापलं. सरकारचा म्हणून एक धर्म नसलेला देश, असंख्य पंथ आणि लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या धर्मसंस्था, हे सगळं त्यांनी जवळून पाहिलं होतं.

त्यांचं स्वतःचं आयुष्य म्हणजे या लेखाचा विषयच आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. इकडे हिंदूंनी त्यांना बाटगी ठरवलं, तर तिकडे अँग्लिकन चर्चमधल्या वडीलधाऱ्यांशी त्यांचा पत्रांतून वाद चालू राहिला, कारण बिशप सांगेल ते मुकाट्याने मानायला त्या तयार नव्हत्या. एका धर्मसंस्थेचा जाच सोडून दुसऱ्या धर्मसंस्थेची ताबेदारी पत्करायची नाही, हा त्यांचा बाणा. सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य म्हणजे काय, हे मराठीत इतक्या कष्टाने फार थोड्यांनी जगून दाखवलं आहे.

१८८९ साली त्यांनी विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं, आधी मुंबईत, मग पुण्यात. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असं ठरलेलं होतं. पण रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि काही मुली आत येऊन बसू लागल्या. रमाबाई म्हणाल्या, मी कुणाला बोलावत नाही आणि येणारीला हाकलणारही नाही. 'केसरी'ने रान उठवलं. १८९३ साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली नेल्या.

त्या उघड्या दाराबद्दल आजही दोन मतं होतील. आश्रयाला आलेली, केशवपन झालेली, कुठेच थारा नसलेली बारा-चौदा वर्षांची मुलगी. तिच्या शेजारच्या खोलीत तिची अन्नदाती प्रार्थना करते आहे. तिथे मुलीचं मन स्वतंत्र होतं का? मला ही शंका रास्त वाटते. पण ज्यांनी ती काढली त्यांच्या घरात त्या मुलीला कुठलं स्वातंत्र्य होतं, हेही विचारावं लागतं.

जेऊरला पुण्याची गाडी धरली की दौंड मागे पडल्यावर केडगाव लागतं. रमाबाईंनी पुढे काढलेलं मुक्ती मिशन तिथलंच. आमच्याकडची माणसं आयुष्यभर त्या स्टेशनवरून ये-जा करतात.

ढाल कुणाच्या हातात

अमेरिकेत धर्मस्वातंत्र्याचे गाजलेले खटले बराच काळ छोट्या पंथांचे होते. साऊथ कॅरोलायनातली एक गिरणी कामगार बाई शनिवार हा पवित्र दिवस मानणाऱ्या ॲडव्हेंटिस्ट पंथाची. शनिवारी कामाला येणार नाही म्हणाली, नोकरी गेली, बेकारभत्ताही नाकारला. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. सरकारला फार मोठं कारण असल्याशिवाय माणसाला पोट आणि श्रद्धा यांतलं एक निवडायला लावता येणार नाही, असा त्याचा आशय. १९७२ साली आमिश पंथाच्या आईबापांना आठवीनंतर मुलांना शाळेत न घालण्याची मुभा मिळाली.

मग १९९० साली चाक उलटं फिरलं. ओरेगन राज्यात मूळ अमेरिकी जमातींच्या चर्चचे दोन सभासद व्यसनमुक्तीच्या कामात नोकरीला होते. धार्मिक विधीत पेयोटी नावाचा नशा आणणारा निवडुंग खाल्ला म्हणून त्यांना काढलं आणि बेकारभत्ताही नाकारला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलं की कायदा सगळ्यांना सारखा असेल आणि कुणाच्या धर्मावर नेम धरून केलेला नसेल, तर धर्माच्या नावाने त्यातून सूट मागता येत नाही. डावे-उजवे सगळेच खवळले. १९९३ साली काँग्रेसने धार्मिक स्वातंत्र्य पुनःस्थापना कायदा केला. सिनेटमध्ये ९७ विरुद्ध ३ मतं. आज त्या संसदेत महत्त्वाच्या विषयावर असं एकमत क्वचितच होतं.

गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की ज्या कायद्यावर सगळे एक झाले त्याच कायद्यावरून पुढे देश दुभंगला. २०१४ साली हॉबी लॉबी या दुकानांच्या साखळीने त्याचा आधार घेतला. कामगारांच्या आरोग्यविम्यात काही संततिनियमनाची साधनं द्यावी लागतात, ते मालकांच्या श्रद्धेविरुद्ध आहे, असा दावा. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो मानला. २०१८ साली कोलोराडोच्या बेकरीवाल्याचा निकाल लागला. त्याने दोन पुरुषांच्या लग्नासाठी केक करायला नकार दिला होता. तो जिंकला, पण राज्याच्या आयोगाने त्याच्या धर्माबद्दल आकस दाखवला, एवढ्याच मर्यादित कारणावर. २०२३ साली वेबसाइट बनवणाऱ्या एका बाईंनी असाच खटला जिंकला. तो मात्र धर्माच्या नव्हे, अभिव्यक्तीच्या कलमावर.

एकेकाळी एकटी कामगार बाई जी ढाल धरून उभी होती ती आता मालकाच्या हातात आहे, असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू म्हणते, आता देश बदलला आहे, जुनी श्रद्धा पाळणारे आम्हीच अल्पसंख्य झालो आहोत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. माझी कसोटी साधी आहे: सूट मागणाऱ्याच्या श्रद्धेची किंमत कोण मोजतो? तो स्वतः मोजत असेल तर सूट द्यावी. काउंटरच्या पलीकडचा माणूस मोजत असेल तर शंभरदा विचार करावा.

हे आपल्याकडे कळायला जड नाही. गावात दलिताची हजामत करायला नकार देणारा न्हावी, चहाचा वेगळा कप ठेवणारा हॉटेलवाला, दोघेही पूर्वी धर्माचंच नाव घेत. आपल्या संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली आणि १९५५ च्या कायद्याने असा नकार हा गुन्हा ठरवला. धंदा मांडला की गिऱ्हाइकाची जात विचारायची नाही. अमेरिकेतही वंशाच्या बाबतीत असाच निर्णय झाला. काळ्या-गोऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रेमसंबंधांना धर्माच्या आधारे बंदी करणाऱ्या बॉब जोन्स विद्यापीठाची करसवलत काढली, ती सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली योग्य ठरवली.

आपल्या घटनेची रीत

आपलं २५ वं कलम वाचलं की पहिल्याच शब्दांत मर्यादा येते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांची इतर कलमं यांच्या अधीन राहून प्रत्येकाला सद्सद्विवेकाचं आणि धर्म मानण्याचं, आचरण्याचं, प्रसाराचं स्वातंत्र्य. खाली दुसऱ्या पोटकलमात आणखी एक गोष्ट आहे: सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सगळ्या वर्गांना खुल्या करणारा कायदा सरकार करू शकतं. जगातल्या फार थोड्या संविधानांत धर्मस्वातंत्र्याच्या कलमातच देवळाचं दार उघडण्याची तरतूद असेल. ती तिथे आली, कारण त्यामागे काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह होता, पंढरपूर होतं आणि हे सगळं सोसलेला माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष होता.

२ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकर घटना समितीत बोलले. आपल्याकडे धर्म जन्मापासून मरणापर्यंत सगळं व्यापून बसतो; सगळ्यालाच धर्म म्हटलं तर कुठलीही सुधारणा करता येणार नाही, म्हणून जे मूलतः धार्मिक आहे तेवढ्यालाच संरक्षण द्यावं, असा त्यांचा मुद्दा होता. न्यायालयांनी पुढे यातूनच 'अत्यावश्यक धार्मिक प्रथा' ही कसोटी घडवली. १९५४ साली शिरूर मठाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकी न्यायालयाची धर्माची व्याख्या समोर घेतली आणि ती अपुरी ठरवली. धर्म म्हणजे नुसती श्रद्धा नव्हे, पूजाअर्चा, नैवेद्य, पेहरावसुद्धा त्यात येतो, असं म्हटलं. त्याच साली मुंबईच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यावरचा रतिलाल गांधी खटलाही निकाली निघाला. ट्रस्टचे हिशेब सरकारने तपासावेत; पण धर्मादाय आयुक्ताला स्वतःच धर्मसंस्थेचा विश्वस्त होऊन बसता येणार नाही. गावच्या देवळाच्या ट्रस्टचे कागद घेऊन सोलापूरच्या धर्मादाय कार्यालयात खेटे घालणाऱ्या मंडळींना हा कायदा चांगला ठाऊक आहे.

या कसोटीचा मला मोठा दोष वाटतो तो हा, की धर्मात काय आवश्यक आणि काय नाही हे न्यायाधीश ठरवू लागतात. अमेरिकेतला न्यायाधीश या फंदात सहसा पडत नाही. समोरचा मनापासून मानतो का, एवढंच पाहतो.

'आम्ही हिंदूच नाही'

१९४७ साली मुंबई राज्याने हरिजन मंदिरप्रवेश कायदा केला. त्यातून निघालेला एक खटला थक्क करणारा आहे. अहमदाबादच्या स्वामीनारायण पंथातले काही सत्संगी १९४८ साली कोर्टात गेले आणि म्हणाले, आमचा पंथ हिंदू धर्माहून वेगळा, म्हणून हा कायदा आमच्या देवळांना लागूच होत नाही. दार बंद ठेवण्यासाठी स्वतःचा धर्म सोडायची तयारी. निकाल १९६६ साली लागला. लिहिणारे होते सरन्यायाधीश गजेंद्रगडकर, हे साताऱ्याचे. हिंदू कोण, हे ठरवताना त्यांनी टिळकांनी केलेल्या व्याख्येचा आधार घेतला आणि सत्संगींचं म्हणणं फेटाळलं. त्याआधी १९५७ साली मुल्कीच्या गौड सारस्वतांच्या वेंकटरमण देवळाचा निकाल लागला होता. देऊळ एका पंथाचं असलं तरी सगळ्या हिंदूंसाठी ते उघडण्याचा कायदा वरचढ, मात्र काही विशिष्ट विधी पंथापुरते ठेवता येतील, असा मध्यम मार्ग न्यायालयाने काढला.

१९५६ साली मुंबई राज्याने हाच कायदा नव्याने, अधिक व्यापक केला. तो साठ वर्षांनी पुन्हा बाहेर निघाला. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला तो पाळायला सांगितलं आणि आठवड्याभरात, गुढीपाडव्याला, शनी शिंगणापूरचा चौथरा बायकांना मोकळा झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत जाण्याचा हक्क बायकांना मिळाला. दर्ग्याच्या ट्रस्टने धर्मव्यवहार चालवण्याच्या आपल्या हक्काचा, २६ व्या कलमाचा आधार घेतला होता. तो टिकला नाही.

वाळीत टाकण्याचं स्वातंत्र्य

१९४९ साली मुंबई राज्याने बहिष्कृती प्रतिबंधक कायदा केला. कुठल्याही जमातीला आपल्या माणसाला वाळीत टाकता येणार नाही. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सैयदना याविरुद्ध गेले आणि १९६२ साली जिंकले. न्यायालयाने बहुमताने ठरवलं की धर्माची शिस्त राखण्यासाठी बहिष्कार घालणं हा पंथाचा हक्क आहे. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात राहिले. वाळीत पडलेल्याला दफनाची जागाही मिळत नाही, तेव्हा हा निव्वळ धर्माचा मामला उरत नाही, ही त्यांची दृष्टी मला अधिक माणुसकीची वाटते.

महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. जातपंचायतींनी उद्ध्वस्त केलेल्या घरांची ती मागणी होती. जुलै २०१७ पासून तो लागू आहे. बोहरा निकालाचा फेरविचार करण्याचं काम २०२३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवलं गेलं.

देऊळ कुणाचं

पंढरपुरात दार उघडलं तरी कारभार बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांकडेच होता. १९७३ साली पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला, बडवे कोर्टात गेले आणि तो प्रत्यक्षात यायला १९८५ उजाडलं. शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४ मध्ये लागला. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांसाठी सगळ्या जातींच्या आणि बायकांच्याही मुलाखती घेतल्या. चोखोबाच्या समाधीपासून गाभाऱ्यापर्यंतचं अंतर पावलांत मोजण्याइतकं आहे.

यालाही दुसरी बाजू आहे. २०२३ साली सुब्रमण्यम स्वामी यांनी उच्च न्यायालयात या कायद्यालाच आव्हान दिलं. सरकारने देऊळ चालवणं हा हिंदूंच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे, असं त्यांचं म्हणणं. सरकारच्या समित्या राजकीय सोयीने नेमल्या जातात ही तक्रार खोटी नाही. देवळाचा कारभार सरकारकडून काढायचा तर तो वारकऱ्यांकडे जाणार की पुन्हा एखाद्या घराण्याकडे, हे मात्र मागणी करणाऱ्यांनी स्पष्ट सांगायला हवं.

नाव तेच, अर्थ उलटा

ओडिशाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा कायदा, दोन्हींच्या नावात धर्मस्वातंत्र्य आहे. दोन्ही धर्मांतरावर निर्बंध घालणारे. अमेरिकेत याच नावाचा कायदा धर्माला सरकारी नियमांतून सूट देतो. इथे तो माणसाला धर्म बदलताना सरकारच्या नजरेखाली आणतो. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे वैध ठरवले: प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. जबरदस्ती आणि आमिष रोखायलाच हवं. पण १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात एक माणूस म्हणाला की हिंदू म्हणून जन्मलो, हिंदू म्हणून मरणार नाही, आणि २१ वर्षांनी नागपुरात लाखोंच्या साक्षीने त्याने शब्द खरा केला. त्याला कुणा अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागला नव्हता.

२०२०, पुन्हा तेच दार

करोनात देवळं बंद झाली. त्या आषाढीला पालख्या चालत निघाल्याच नाहीत. संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. रावगावच्या रस्त्यावर त्या वर्षी दुरड्या निघाल्या नाहीत. ३१ ऑगस्टला प्रकाश आंबेडकर वारकऱ्यांना घेऊन पंढरपुरात आले आणि विठ्ठल मंदिर उघडा म्हणून आंदोलन केलं. त्यांच्या आजोबांनी, डॉ. आंबेडकरांनी, देवळांची दारं सोडून वेगळा रस्ता धरला होता. नातू त्याच दारात उभा राहून वारकऱ्यांच्या वतीने ते उघडायला सांगत होता. ऑक्टोबरमध्ये राज्यपाल कोश्यारी आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यात याच विषयावर पत्रापत्री झाली. संविधानातल्या 'आरोग्य' या एका शब्दाचं वजन किती, हे त्या महिन्यांत सगळ्यांना कळलं.

महाराष्ट्रात देवळं दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. त्यानंतर नऊ दिवसांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या राज्यपालांनी चर्च आणि सिनेगॉगमधल्या उपस्थितीवर घातलेली मर्यादा पाच विरुद्ध चार मतांनी स्थगित केली. दुकानं चालू असताना प्रार्थनास्थळांवरच जास्त कडक बंधन का, हा त्यांचा सवाल होता.

पंढरपुरात पाडव्याला माणसं आत गेली ती तोंडावर मास्क लावून, लांबून मुखदर्शन घेऊन परतली. विठोबाच्या पायांवर डोकं टेकवायला २०२२ चा गुढीपाडवा यावा लागला.